पावण्याचा मेसेज येईना

दुधाळीकरीण
३ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

आज आठवा दिवस. पाठवलेल्या मेसेजला अजून एकच टिक आहे.

त्याचं नाव लिहीत नाही. एक तर त्याला विचारलेलं नाही, आणि तिकडं नाक्यानाक्यावर बंदूकवाले फोन उघडायला लावून आतलं वाचतात, हे त्यानंच सांगितलेलं. आमच्या घरात त्याला पावणं म्हणतात, इथंही तेच चालवून घ्या.

पावणं सुदानचा, ओमदुर्मानचा. २०१६ साली फार्मसी शिकायला कोल्हापुरात आला तेव्हा चार ठिकाणी त्याला खोली नाकारली होती. एकानं कारण दिलं की आमच्यात नॉनव्हेज चालत नाही. जिन्यात मटणाचा वास घमघमत होता, हे पुढं मराठी आल्यावर पावणं अगदी रंगवून सांगायचा. आमच्या दारात आला तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आईला खोली द्यायचीच नव्हती. मी नाही म्हणून सांगणार, तोवर आईनं त्याला विचारलं, "जेवलास का?" त्याला मराठीचा गंध नव्हता. त्यानं नुसती मान हलवली. ती हो होती की नाही यावर आमच्या घरात अजून वाद आहे. आईनं ताट वाढलं.

ताटात ज्वारीची भाकरी होती. त्यानं ती उलटीपालटी करून बघितली, वास घेतला, आणि फोनमधला एक फोटो काढून दाखवला. त्याची आई तव्यावर काहीतरी पातळ पसरत होती. किसरा. ज्वारीचं पीठ भिजवून, आंबवून केलेली. "म्हंजे आंबोळी की," आई म्हणाली, आणि खोलीचा विषय तिथंच मिटला.

२०२१ ला परत गेला. औषधाच्या दुकानात लागला, लग्नाचं बघत होते. मग १५ एप्रिल २०२३. शनिवार सकाळ, रमजान संपत आलेला. एकीकडं बुऱ्हानचं लष्कर, दुसरीकडं हेमेदतीचं आरएसएफ नावाचं निमलष्करी दल. दोघांनी मिळूनच २०२१ च्या ऑक्टोबरात नागरी सरकार पाडलं होतं, दीड वर्षात एकमेकांच्या जिवावर उठले. आपल्याकडं बांधावरनं भाऊ भांडतात तेव्हा निदान शेत तरी त्यांचं असतं.

त्या मे महिन्यात तो आईला आणि शाळकरी भावाला घेऊन इजिप्तच्या सीमेकडं गेला. बायका, मुलं आणि पन्नाशी उलटलेले पुरुष यांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, मधल्या वयाच्या गड्यांना लागायचा. ती दोघं पार झाली. हा वाडी हाल्फा गावात व्हिसाची वाट बघत तीन आठवडे एका शाळेच्या व्हरांड्यात झोपला. जूनमध्ये इजिप्तनं सगळ्यांनाच व्हिसा सक्तीचा केला. मग माघारी फिरला, आणि ओमदुर्मानातच एका हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम करायला लागला.

अडीच वर्षं आमचं हे असं चाललंय. पंधरा दिवस गप्प, मग एकदम चार मेसेज. सवय झाली होती म्हटलं तरी चालेल. पण त्याची मोठी बहीण दिलेली एल फाशरला. मे २०२४ पासून त्या शहराला वेढा होता. आत शेवटी शेवटी लोक अंबाज खात होते. अंबाज म्हणजे भुईमुगाचं तेल काढून उरलेली पेंड. आपण जनावराला घालतो ती. २६ ऑक्टोबरला ते शहर आरएसएफनं घेतलं. २७ ला पावण्याचा आवाजी मेसेज आला, एकोणीस सेकंदांचा. "ताई, बहिणीचा फोन लागत नाही. मी अल दब्बाला निघालोय, तिकडं लोक येतायत वाळवंटातनं. आईला सांगू नको."

आई म्हणजे आमची आई.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रोज मेसेज करू, की गप्प बसू? आणि आईला काय सांगू? रोज संध्याकाळी विचारते, पावण्याचा फोन? मी म्हणते, रेंज नसंल.

*

पेठेतला
३ नोव्हेंबर, रात्री ११:५८

ताई, त्यो म्हंजे गांधी मैदानात संध्याकाळी यायचा त्योच काय? उंच, केस बारीक, सारखा हसायचा? आमच्या पोरांनी त्याला बघितल्या बघितल्या स्ट्रायकर ठरवून टाकलं होतं. आफ्रिकेचा हाय म्हंजे खेळतच असणार! पैल्याच दिवशी कळलं, गड्याला बॉल पायात घेऊन चार पावलं पळता येत न्हाई. खरं बोलायचा लई. त्येंच्या ओमदुर्मानात दोन टीम, अल हिलाल आन अल मेर्रिख. निम्मं गाव हिकडं, निम्मं तिकडं, सोयरीक जुळवताना पण बघतात म्हणायचा. आमी म्हटलं भावा, हितंबी तसंच हाय.

लढाई लागल्यापासनं त्या दोन्ही टीमना स्वतःचं ग्राउंड न्हाई. गेल्या सीझनला पार मॉरिटानियाच्या लीगमधी खेळल्या. हिलाल तिथं जाऊन पैला आला. मी त्याला तवा मेसेज केलता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "मी मेर्रिखचा आहे, नालायका."

*

सरळसोट
४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

भावना पोचल्या. पण स्पष्ट बोलतो. मणिपूर मे २०२३ पासून धुमसतंय. आपल्याच देशात. तिथंही महिनोन्महिने इंटरनेट बंद होतं. तेव्हा इथल्या किती जणांना रात्री झोप लागली नाही? सुदान कुठं, आपण कुठं. जे आपल्या हातात नाही त्याची काळजी हा पोट भरलेल्यांचा छंद आहे.

*

पेठेतला
४ नोव्हेंबर, सकाळी ७:३२

काळजी काय रेशन हाय व्हय, कार्ड बघून वाटायला? ताईच्या घरात मणिपूरचा पोरगा राह्यला असता तर तिनं त्येच्यावर लिवलं असतं.

*

टाकळीची सून
४ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मी सैनिक टाकळीची. गावाच्या नावातच सगळं आलं. सासरे फौजेत, नवरा फौजेत, आता पुतण्या. नवरा कारगिलच्या वेळी वर होता तेव्हा माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. मोबाईल कुठला? पत्त्यावर मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट, एवढं लिहायचं, की पत्र गेलं. कुठं गेलं ते सरकारला माहीत.

सासऱ्यांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. एक, पत्रावर नंबर घाल. तिकडं पत्रं एकदम सात-आठ मिळतात, मागचं पुढं पुढचं मागं होतं, नंबर असला की गडी लावून वाचतो आणि मधलं एखादं गहाळ झालं तर त्याला कळतं. दुसरी, प्रश्न विचारू नको. प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं. त्याला ते देता आलं नाही की तो मनाला लावून घेतो, किंवा खोटं लिहितो.

मग लिहू काय? म्हणाले, म्हैस व्याली ते लिही.

मी तसंच लिहायची. म्हशीला रेडी झाली. कृष्णेचं पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीला आहे. धाकट्या नणंदेनं केस कापले, घरात तीन दिवस अबोला. शेवटी एकच ओळ, उत्तराची घाई नाही. परत आल्यावर त्यानं सगळी पत्रं ट्रंकेतनं काढून दाखवली, नंबरवारी लावलेली. चौदा नंबरचं पोचलं नव्हतं. त्यात काय होतं ते अजून विचारतो आणि मला आठवत नाही.

सासूबाई मात्र शेजारच्या पोराकडनं वेगळं पत्र लिहून घ्यायच्या, रडून रडून डोळे गेले, अन्न गोड लागत नाही. ते पत्र आलं की हा तिकडं बंकरमध्ये बसून आईला धीर द्यायला पत्र लिहायचा. म्हणजे कोण कुणाची काळजी करत होतं ते तुम्हीच बघा. तुमचा पावणा तिकडं बहीण शोधतोय. त्याच्यावर तुमचं ओझं घालू नका, पण गप्पही बसू नका.

*

दुधाळीकरीण
५ नोव्हेंबर, रात्री १२:३०

वहिनी, दोनदा वाचलं. गेल्या आठ दिवसांत मी त्याला पाठवलेले मेसेज मोजले. सव्वीस. त्यातले एकवीस म्हणजे कुठे आहेस, कसा आहेस, एक अक्षर तरी टाक. लाज वाटली.

सरळसोट, तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण छंद म्हणालात म्हणून २०१९ सांगते. त्या वर्षी तो वरच्या खोलीत होता. खार्तुममध्ये लष्कराच्या मुख्यालयासमोर लोक दोन महिने ठाण मांडून बसले होते. ३ जूनला त्यांना गोळ्या घालून उठवलं, आणि लोकांचं इंटरनेट महिनाभर बंद करून टाकलं. तो महिना पावणं आमच्यात असून नव्हता. जेवायला बसला की फोन ताटाशेजारी पालथा. आई म्हणायची, उताणा ठेव तरी. तो म्हणायचा, उताणा ठेवला की सारखा बघतो.

जुलैत तिकडचं इंटरनेट सुरू झालं, आणि ऑगस्टात आमच्याकडं महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, पाणी ती ओलांडून पार पन्नाशीच्या वर गेलं. दुधाळीत काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. पावण्यानं आईचं शिवणयंत्र डोक्यावर घेऊन जिना चढला, मग गॅस, मग तांदळाचं पिंप अर्धं रिकामं करून, मग बाबांचा फोटो. वीज गेली, फोन मेले, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. आणि आता त्याची आई ओमदुर्मानात बसून बातम्यांत आमच्या गावाची छपरं बघत होती. तिच्याकडं माझ्या पुण्यातल्या भावाचा नंबर होता. दर तासाला फोन. भाऊ वैतागून म्हणायचा, अहो मलाच काही कळत नाहीये. तिला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण कुणीतरी फोन उचलतंय एवढ्यावर ती तास काढायची.

पाचव्या दिवशी एका ओळखीच्यांच्या इन्व्हर्टरवर फोन चार्ज झाला आणि त्यानं तिला लावला. आम्ही सगळे कान देऊन. पावणं ऐकता ऐकता हसायला लागला. आईनं विचारलं, काय म्हणतीय? तो म्हणाला, "विचारतीय, तांदूळ भिजले का."

वहिनी, आज हे आठवायचं कारण तुमची म्हैस.

अजून एक कबुली. रात्री दोन-दोन वाजता मी नासाचा तो आगींचा नकाशा उघडून बसते. एल फाशरभोवती, मग अल दब्बाकडं. लाल ठिपका दिसला की पोटात गोळा येतो. नकाशा बंद केला तरी येतो.

*

केनानारिटर्न
५ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सहसा लिहीत नाही, वाचतो. मी कागलचा, साखर कारखान्यात केमिस्ट. २०१८ पासून केनानात होतो. पांढऱ्या नाईलजवळ, रबक गावापासून जवळ, जगातल्या मोठ्या साखर कारखान्यांत त्याची गणती होते. आपल्याकडची माणसं तिथं बरीच होती, त्यामुळं कँटीनमध्ये मराठी आणि अरबी सारख्याच ऐकू यायच्या. लढाई लागली तेव्हा आमच्याकडं गोळी वाजत नव्हती, पण बँक बंद, डिझेल बंद. मग बसमधनं पोर्ट सुदान. हजाराच्या वर किलोमीटर, पन्नास नाके. बंदरात सुमेधा उभी होती, नौदलाची. तिरंगा बघून रडलो वगैरे लोक लिहितात, मला रडूबिडू आलं नाही, मला चहा पाहिजे होता. रात्रभर तांबडा समुद्र, मग जेद्दा, मग विमान. ऑपरेशन कावेरीत ३,८६२ लोक आले, त्यातला मी एक.

आमच्या लॅबमधला सुदानी मदतनीस बसपर्यंत माझी बॅग घेऊन आला होता. वीस-बावीस वर्षांचा. मी त्याला म्हटलं, लौकर भेटू. तो म्हणाला, "तमाम." तिकडं कसं काय या प्रश्नाला एकच उत्तर असतं, तमाम. घरावर छप्पर नसलं तरी तमाम. म्हणून ताई, कसा आहेस विचारूच नका. तमाम आलं तरी तुम्हाला त्यातनं काही कळणार नाही.

आता कामाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळजवळ सगळ्या देशाचं नेटवर्क गेलं होतं. तेव्हापासनं बऱ्याच ठिकाणी स्टारलिंकची थाळी लावलेलं दुकान असतं आणि माणसं तासाच्या हिशोबानं पैसे मोजून बसतात. फोन आधी कुठंतरी सोलरवर चार्ज करायचा, त्याचेही पैसे. अशात फोन जोडला की आठवड्याचं सगळं एकदम कोसळतं, आणि गुड मॉर्निंगची फुलं उतरवण्यात त्याची दहा मिनिटं जातात. म्हणून व्हिडिओ नको, फोटो नको. आवाजी मेसेजसुद्धा बारका. लिहून पाठवा, एका दिवसाला एक. एकच टिक याचा अर्थ फोन बंद किंवा रेंज नाही, एवढाच. त्याच्यापलीकडं त्यात काही वाचू नका.

आणि तो नकाशा. माझं ऐका, उद्या तोच नकाशा कागल-शिरोळवर आणून बघा. हंगाम सुरू झालाय, कुणी पाचट पेटवलं की तिथंही तसाच लाल ठिपका येतो. उपग्रहाला नुसती धग कळते, कुणाचं काय जळलं ते कळत नाही. मी पहिलं वर्षभर असाच रबकवर डोळे लावून बसायचो. बायकोनं शेवटी पासवर्ड बदलला.

एल फाशरमधनं सुटलेले बरेच लोक तवीलाकडं चालत गेलेत, साठेक किलोमीटर. तिथं संस्था आहेत, पण फोन वाटेतच काढून घेतात. म्हणजे बहिणीचा फोन लागत नाही याचं हेही एक कारण असू शकतं. आशा लावत नाही, आहे ते सांगतो.

त्या लॅबवाल्या पोराचा पत्ता मला अजून लागलेला नाही.

*

बखरवाचक
६ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

सरळसोट यांनी "सुदान कुठं, आपण कुठं" असं विचारलंय म्हणून लिहितो. खडकवासल्याच्या एनडीएची, म्हणजे लष्करी प्रबोधिनीची, मुख्य इमारत सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिक सुदानच्या बाजूला लढले, त्याची आठवण म्हणून सुदाननं जी देणगी दिली तिच्यातून ती उभी राहिली. १९५३ ची सुदानची पहिली संसदीय निवडणूक घेऊन दिली ती आपल्या सुकुमार सेन यांनी, आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मुख्य निवडणूक आयुक्त. म्हणजे अगदीच परके नाहीत.

पण हे पुस्तकातलं झालं. खरं सांगायचंय ते वळिवडेचं. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्यात पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिननं सायबेरियाकडं हाकललेली, तिथनं इराणमार्गे इथं. महावीर गार्डनमधला त्यांचा स्तंभ बऱ्याच जणांनी बघितला असेल, आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. माझे आजोबा त्या छावणीत दूध घालायचे. त्यांच्या सांगण्यात एक बाई नेहमी यायची. रोज सकाळी भांडं पुढं करायची आणि विचारायची, "पोस्ट?" तिला येणारा तो एकच शब्द. आजोबा दूधवाले, त्यांचा पोस्टाशी काय संबंध? पण ते गावाकडनं यायचे, म्हणून विचारायची. पहिले काही महिने आजोबा मान हलवून पुढं जायचे. मग त्यांनी पोस्टाच्या वेळेनंतर दूध घालायला सुरुवात केली. येताना पोस्टात डोकावून यायचे, म्हणजे नाही म्हणताना तरी खरं नाही असायचं.

तिला पत्र आलं का, हे मी लहानपणी शंभरदा विचारलंय. आजोबा विषय बदलायचे.

*

सरळसोट
९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

आली का टिक?

*

दुधाळीकरीण
१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

नाही. ५ तारखेपासून रोज रात्री एक मेसेज लिहिते, वर नंबर घालून. प्रश्न एकही नाही. १: तुझ्या खोलीच्या खिडकीचा खिळखिळा दांडा अखेर बदलला. २: रंकाळ्यावरच्या तुझ्या भेळवाल्यानं भाव वाढवला. ३: पेठेतल्यांनी तुला नालायक म्हटलंय, परतफेड. अवघड जातं हो. चार ओळी लिहिते, त्यातल्या दोन खोडते, कारण त्या माझ्याविषयीच असतात.

आईचं सांगायला आले. लाल अंबाडीची बोंडं आलीत बाजारात. पावणं इथं असताना दर नोव्हेंबरात आई किलोभर आणायची. त्यांच्याकडं याच बोंडाच्या पाकळ्या वाळवून पाणी करतात, करकडे म्हणतात. पहिल्यांदा त्यानं मंडईत ती बघितली आणि भाजीवालीसमोर अरबीत ओरडला, तिला वाटलं भावावरनं भांडतोय. आपल्याकडं पानांची भाजी करून बोंडं टाकून देणारी माणसं बघून त्याचा जीव तुटायचा.

काल आई एकटीच जाऊन दोन किलो घेऊन आली. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तरी गच्चीवर गेली. मी ऑफिसमधनं आले तर ती वर्तमानपत्र पसरून बसलेली, एकेक बोंड घ्यायचं, सुरीच्या टोकानं देठाकडनं गोल फिरवून आतली हिरवी गाठ ढकलून काढायची आणि लाल पाकळ्या आख्ख्या सोडायच्या. बोटं लाल झालेली. मी म्हटलं, एवढी कशाला? ती मान वर न करता म्हणाली, "अल फाशर गेलं म्हणं."

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाली, टीव्हीला काय कुलूप हाय? आणि मग सावकाश, हातातलं काम चालूच, "तू मला सांगितलं न्हाईस. त्यानं तुला सगळं सांगितलं नसंल. त्येच्या आईला त्यानं काहीच सांगितलं नसंल. सगळी शहाणी. आन म्हातारीला तेवढं काय कळत न्हाई."

मी तिथंच बसले आणि दुसरी सुरी घेतली. किलोभर झाल्यावर तिनं विचारलं, कैरोला त्येच्या आईला फोन लागतो का? लागतो म्हटलं. मग लाव की. मी विचारलं, काय बोलणार? तिला मराठी येत नाही, हिला अरबी. पूर्वी दोघी अर्धा-अर्धा तास बोलायच्या, मधे पावणं निम्मं भाषांतर करायचा आणि निम्मं स्वतःच्या मनानं घालायचा. आता मधलाच नाही.

लावला. आईनं कॅमेऱ्यासमोर लाल पाकळ्यांचा ढीग धरला. पलीकडनं आधी काही नाही, मग "करकडे!" मग बराच वेळ अरबी. आई हूं हूं करत राहिली. मी बाजूला झाले.

*

टाकळीची सून
१२ नोव्हेंबर, रात्री ८:३१

काय बोलल्या ते विचारू नका आईंना.

*

केनानारिटर्न
१३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

थोडी माहिती. अल दब्बात जी माणसं जमतायत तिथं जेवण बऱ्याच अंशी तिथलेच लोक देतायत. मोहल्ल्यामोहल्ल्यात पोरांनी मदतीच्या खोल्या, म्हणजे मदत केंद्रं, चालवल्यात पहिल्या दिवसापासून, वर्गणीवर. जेवणाच्या जागेला ते तकिया म्हणतात. आपल्याकडं फकिराच्या जागेला तक्या म्हणतात तोच शब्द. या पोरांना यंदा नॉर्वेतला मानवी हक्कांसाठीचा राफ्तो पुरस्कार मिळाला. त्यांनी त्यात काय केलं असेल ते मला ठाऊक आहे, मसूर घेतली असेल. तुमचा पावणा औषधवाला आहे, तिथं पोचला असेल तर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसेल. फोन बंद असायला तेही कारण पुरतं.

*

सरळसोट
१५ नोव्हेंबर, रात्री १०:००

माझ्या ऑफिसात एक इंफाळचा मुलगा आहे. तीन वर्षं शेजारच्या टेबलाला. आज विचारलं, घरी कोण कोण असतं. दीड तास बोलला.

बाकी काही नाही. असंच.

*

दुधाळीकरीण
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

दोन टिका.

पहाटे ३:५२. म्हणजे तिकडं मध्यरात्र उलटून वीस-बावीस मिनिटं. एक ते बारा, सगळे एकदम. निळ्या नाहीत, करड्याच. शेवटचं कधी आला होता ते त्यानं पहिल्यापासून बंद करून ठेवलंय, त्यामुळं तेही दिसत नाही. पाच मिनिटं बघत बसले, मग फोन पालथा ठेवला.

*

पेठेतला
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:१४

ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!!!

*

केनानारिटर्न
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

फोन चालू झाला, एवढं नक्की. कुणाच्या हातात आहे ते यातनं कळत नाही. वाईट वाटून घेऊ नका, लिहिल्याशिवाय राहवलं नाही. रोजच्यासारखंच लिहा. नवा प्रश्न नको.

*

दुधाळीकरीण
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

माहितेय. मलाही आधी तेच आलं मनात.

आई उठल्यावर तिला दाखवलं. चष्मा लावून तिनं फोन हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला. विचारलं, "वाचला?"

म्हटलं, "मेसेज? नाही अजून. नुसता पोचलाय."

तिनं फोन परत दिला आणि गच्चीवर पाकळ्या उलटायला निघाली. अर्ध्या जिन्यात थांबली.

"आज कितवा लिहिणार?"

"तेरावा."

"तेरा नको घालू," ती म्हणाली. "चौदा लिही."